संगणकावर जमाखर्च शिकताना

दुकानाचा जमाखर्च संगणकावर ठेवणे ही आता केवळ मोठ्या पेढ्यांची गोष्ट राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि म्हापशातील हार्डवेअरचे दुकान, फोंड्यातील औषधालय, कळंगुटचे अतिथीगृह अशा प्रत्येक नोंदणीकृत व्यावसायिकाला विवरणपत्रे ऑनलाइन भरणे भाग पडले. हिशेबाची संगणक प्रणाली येणाऱ्या कारकुनाला मागणी वाढली, तशी ती शिकवणाऱ्या वर्गांचीही. आपल्याकडे असा वर्ग म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘टॅलीचा क्लास’. प्रणाली कोणतीही असो, लोकांच्या तोंडी नाव टॅलीचेच असते.

या प्रणालीचा उगम बंगळूरचा. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या व्यवसायाला साजेशी हिशेबाची प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले पुत्र भरत यांना ती तयार करायला सांगितले. १९८६ साली ‘प्युट्रॉनिक्स’ या नावाने कंपनी उभी राहिली. पुढे उत्पादनाचे ‘टॅली’ हे नाव रूढ झाले आणि कंपनीनेही तेच स्वीकारले. भरत गोएंका यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘टॅलीप्राइम’ ही आवृत्ती आली. सध्याच्या वर्गांतून बहुधा तीच शिकवली जाते.

प्रणाली नवी असली तरी तिच्या पोटातील शास्त्र पाचशे वर्षांहून जुने आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धतीचे विवेचन केले. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांना स्पर्श करतो, एक नावे आणि एक जमा, हा तिचा गाभा. येथेच मराठी विद्यार्थी प्रथम अडखळतो. बोलताना पैसे ‘जमा झाले’ असे आपण म्हणतो. पाठ्यपुस्तक मात्र सांगते की रोख आली तर रोख खाते नावे करा. या गोंधळाचे मूळ जुन्या कीर्दीत आहे. तिच्या जमा बाजूला पैसे देणाऱ्याचे नाव लिहीत, म्हणजे रक्कम त्या इसमाच्या खात्यावर जमा होई. बँकेच्या पासबुकाचेही तसेच. तेथील ‘जमा’ हा शब्द बँकेच्या वहीतील आहे. आपल्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. नोंद कोणाच्या वहीत होत आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की निम्मा विषय सुटतो.

कळा आणि गट

कळा पाठ करणे हा सर्वांत सोपा भाग. टॅलीत एफ ४ म्हणजे बँक व रोख यांमधील परस्पर व्यवहार, एफ ५ म्हणजे रक्कम देणे, एफ ६ घेणे, एफ ७ रोजकीर्द, एफ ८ विक्री आणि एफ ९ खरेदी. आठवडाभरात बोटांना वळण लागते. नवी कंपनी उघडली की तिच्यात रोख आणि नफा-तोटा अशी दोनच खाती तयार असतात. बाकीची आपण उघडायची आणि प्रत्येक खाते प्रणालीने दिलेल्या २८ गटांपैकी कोणत्या तरी गटाखाली ठेवायचे. खरी विद्या लागते ती या गटाच्या निवडीला, आणि वर्गांतून नेमका त्यालाच कमी वेळ मिळतो.

समजा, उपाहारगृहाच्या मालकाने ६० हजार रुपयांचा शीतकपाट घेतला आणि कारकुनाने तो रोजच्या किराण्यासोबत खरेदी खात्यात घातला. शीतकपाट ही वर्षानुवर्षे वापरायची मालमत्ता आहे. वर्षाच्या खर्चात यायला हवा तो केवळ तिचा घसारा. येथे मात्र पूर्ण रक्कम खर्ची पडली, नफा तेवढा कमी दिसला आणि ताळेबंदातून मालमत्ताही नाहीशी झाली. कर्जासाठी बँकेकडे जाण्याची वेळ आली की हाच दुबळा ताळेबंद पुढे ठेवावा लागतो. कर्जाच्या हप्त्याची गतही अशीच. १५ हजारांच्या हप्त्यात ६ हजार व्याज असेल तर खर्च तेवढाच. उरलेले ९ हजार कर्ज कमी करतात. सगळा हप्ता खर्चात टाकला तर कर्ज वहीत जसेच्या तसे उभे राहते. मालकाने घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेली रक्कम दुकानाचा खर्च नव्हे, ती भांडवलातील उचल. अतिथीगृहाला डिसेंबरच्या खोल्यांसाठी ऑक्टोबरात मिळालेली आगाऊ रक्कम हे त्या दिवशीचे उत्पन्न नसून देणे असते. त्यावरील कराचे दायित्व मात्र रक्कम हाती येताच सुरू होते, म्हणून ती वेगळ्या खात्यात ठेवणे दुहेरी गरजेचे.

अशा चुका पूर्वी होत नसत असे नाही. जुन्या वहीत बेरजेची चूक झाली तर तेरीज जुळत नसे, आणि रात्र रात्र बसून ती शोधावी लागे. त्या शोधात इतर चुकाही हाती लागत. संगणक दोन्ही बाजू समान झाल्याशिवाय नोंद स्वीकारतच नाही. त्यामुळे तेरीज नेहमीच जुळलेली दिसते. शीतकपाट किराण्यात गेला तरीही ती जुळतेच! नवशिका या जुळणीवर विसंबतो, आणि पडद्यावर नीटनेटका दिसणारा चुकीचा हिशेब मार्चअखेरपर्यंत तसाच चालतो.

पडताळा म्हणूनच बाहेरच्या पुराव्याशी घ्यावा लागतो. दर महिन्याला बँक जुळवणी पत्रक करणे, गल्ल्यातील रोख मोजून वहीशी ताडणे, गोदामातील माल निदान तिमाहीला मोजणे ही कामे प्रणाली आपल्यासाठी करत नाही. रोख शिल्लक एखाद्या दिवशी उणे दिसली तर नोंद चुकली हे निश्चित, कारण गल्ल्यात उणे रुपये असूच शकत नाहीत.

कराची गणिते

गोव्यातील विद्यार्थ्याला आंतरराज्य खरेदी लवकर शिकावी लागते, कारण आपल्या बाजारपेठेतील पुष्कळ माल बेळगाव आणि कोल्हापूरहून येतो. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: गोवा ३०, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. बेळगावच्या व्यापाऱ्याकडून १ लाखाचा माल घेतला आणि दर १८ टक्के असला, तर बिलात एकात्मिक कराचे १८ हजार असतील. तोच माल गोव्यात १ लाख २० हजारांना विकला की केंद्राचे १०,८०० आणि राज्याचे १०,८०० मिळून २१,६०० रुपये कर आकारला जाईल. भरलेल्या १८ हजारांची वजावट घेतल्यावर सरकारला द्यायचे उरतात ३,६००. कारकुनाने खरेदी नोंदवताना एकात्मिक कराऐवजी केंद्र व राज्य कराची खाती वापरली तरी बेरीज तीच येते. विवरणपत्र मात्र जुळत नाही.

वजावट मिळण्यासाठी पुरवठादाराने आपले बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवलेले असावे लागते. ते जीएसटीआर-२बी या पत्रकात दिसते, म्हणून दर महिन्याला खरेदी वही त्याच्याशी ताडून पाहावी. पुरवठादाराचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. उधारी बिलनिहाय नोंदवायची ती यासाठी. प्रणालीत ही सोय आहे, पण कंटाळा म्हणून अनेक जण ती बंद ठेवतात.

बार आणि रेस्टॉरंट हा तर आपल्या राज्यातील खास धडा. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असून त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. साध्या उपाहारगृहातील जेवणावर ५ टक्के वस्तू व सेवा कर असतो आणि त्यात वजावट मिळत नाही. एकाच टेबलावरचे एकच गिऱ्हाईक, पण विक्रीची खाती दोन. किराण्यावर भरलेला कर येथे वजावटीच्या खात्यात न टाकता खर्चातच धरायचा. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर बेतलेल्या सरावपुस्तिकांत हे उदाहरण क्वचितच सापडते. शिक्षकाने ते स्वतः घालावे.

सराव कसा करावा

शिकण्यासाठी प्रणाली विकत घेण्याची गरज नाही. टॅलीप्राइम शैक्षणिक पद्धतीत विनामूल्य चालते. तिच्यात महिन्यातील पहिली, दुसरी अशा मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढे पुरते. ‘ग्नूकॅश’ ही मुक्त प्रणालीही दुहेरी नोंदीवर आधारलेली आहे. कोणतीही घेतली तरी पहिला महिना कागदावर घालवावा. ओळखीच्या एखाद्या दुकानाचे पंधरा दिवसांचे व्यवहार रोजकीर्दीत लिहावेत, हाताने खतावणी करावी, तेरीज काढावी आणि मग तेच व्यवहार संगणकावर चढवून दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवावेत. फरक आला तर चूक कोठे झाली हे स्वतः शोधावे, शिक्षकाला लगेच विचारू नये. वर्ग निवडताना शुल्काआधी एवढेच विचारावे की कागदावरचा जमाखर्च शिकवतात का आणि खऱ्या बिलांवर सराव देतात का.

नोकरीला लागल्यावर दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यासाठी रोज संध्याकाळी प्रत काढून ती त्याच संगणकात न ठेवता वेगळ्या जागी ठेवावी, विशेषतः वीज ये-जा करणाऱ्या पावसाळ्यात. दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेब प्रणालीत प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहणे बंधनकारक आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला हा नियम लागू नसला तरी झालेली नोंद पुसून नवी लिहिण्याऐवजी उलट नोंद करून ती दुरुस्त करावी, आणि शेऱ्याच्या जागी कारण लिहून ठेवावे.