दोन तिकिटांचा लिफाफा

टपाल तिकिटांचा संग्रह म्हटला की डोळ्यांपुढे पाण्यात भिजवून सोडवलेली, वहीत नीट मांडलेली सुटी तिकिटे उभी राहतात. आम्हास मात्र वाटते की, सरहद्दीच्या अल्याडपल्याड पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या घराण्यांचा इतिहास सुट्या तिकिटात नाही. तो तिकिटे मिरवणाऱ्या सबंध लिफाफ्यात आहे.

गोव्याचेच उदाहरण घेऊ. ब्रिटिश हिंदुस्थानात ऑक्टोबर १८५४ मध्ये सर्वत्र चालणारी तिकिटे निघाली. पाव तोळ्याच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा पडू लागला. पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशाला स्वतःची तिकिटे लाभली ती १ ऑक्टोबर १८७१ रोजी. त्यांवर राजाची मुद्रा नव्हती. लंबवर्तुळात पोर्तुगीज अक्षरे आणि मधोमध रेईसचा आकडा, एवढेच. ठसे वारंवार नव्याने कोरले गेले, त्यामुळे एकाच किमतीच्या तिकिटांतही अभ्यासकांना बारीक भेद आढळतात.

ही तिकिटे वसाहतीच्या हद्दीपुरतीच चालत. समुद्रापलीकडे जाणाऱ्या पत्रावर ब्रिटिश हिंदुस्थानचे, व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असलेले तिकीटही चिकटवावे लागे. एका लिफाफ्यावर दोन सत्तांचा असा शेजार १८७७ पर्यंतच टिकला. त्या वर्षी पोर्तुगीज वसाहती जागतिक टपाल संघात सामील झाल्या आणि एका देशाचे तिकीट दुसऱ्या देशात मान्य होऊ लागले. म्हणजे दुहेरी तिकिटांचा काळ जेमतेम सहा वर्षांचा. असे लिफाफे दुर्मीळ असण्याचे एक कारण हेच.

संस्थानांतही असाच पेच होता. इंदूरच्या होळकर दरबाराने १८८६ मध्ये तुकोजीराव द्वितीय यांच्या छबीचे तिकीट काढले. ते संस्थानाच्या हद्दीतच चाले. बाहेरच्या पत्रास ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे. ग्वाल्हेरने १८८५ मध्ये निराळी वाट धरली. करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर इंग्रजीत व देवनागरीत संस्थानाचे नाव छापले जाई. ही तिकिटे साऱ्या हिंदुस्थानात चालत, परदेशी पत्रास मात्र नाही. शिंदे आणि होळकर यांच्या राज्यांतील पाहुण्यांची पत्रे अशा वेगवेगळ्या नियमांनी प्रवास करीत.

आता यांतले एखादे तिकीट कापून काढले तर हाती काय उरते? रंगीत कागदाचा एक कपटा. पत्र कोठून निघाले, कोणत्या गावांचे शिक्के घेत गेले, वाटेत किती दिवस लागले, कोणी कोणास लिहिले, हे सारे लिफाफ्याबरोबर जाते. शेजारचे दुसरे तिकीट नाहीसे झाले की सरहद्द ओलांडल्याची साक्षही बुडते.

आपल्यांपैकी अनेकांच्या माळ्यावरील पेट्यांत मोडी पत्रांच्या गठ्ठ्यांखाली असे लिफाफे अजून असतील. पुसट शाई नि फाटक्या कडा यांनी त्यांचे मोल उणावत नाही. कात्री व पाणी दूर ठेवून, आतील पत्रासह ते कोरड्या कागदात जपावेत आणि घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांतील नावांची ओळख लिहून ठेवावी. कोणते घर कोणत्या गावाशी बांधलेले होते, हे पुढच्या पिढीस त्यांवरूनच उमगेल.