शब्दवेध : अल्बम

भाईंदर लोकलमध्ये एक पोरगा मित्राला सांगत होता, "सोलो अल्बम आहे, डेथ मेटल." माझ्या पिढीला अल्बम म्हटलं की लग्नाचे फोटो आठवतात, शेजारी 'डेथ' आला की दचकायला होतं.

मूळ लॅटिन 'आल्बुस', म्हणजे पांढरा. रोममध्ये पांढऱ्या केलेल्या फळीवर सरकारी सूचना लिहीत. ती फळी 'आल्बुम'. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या, गुरूंच्या सह्यांसाठी वह्या बाळगत, त्यांनाही हेच नाव. पुढे वहीत फोटो आले. गाण्यांकडे शब्द वळला तो तबकड्यांमुळे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. मग लांब रचनेच्या तबकड्या पाकिटांची पानं असलेल्या जाडजूड पुस्तकात घालून विकत, तेही अल्बमच. १९४८मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, पुस्तक गेलं, नाव राहिलं.

लोकलमधल्या त्या 'सोलो'कडे परत येतो. डेथ मेटल या रॉकच्या कर्कश प्रकारात मुंबईच्या साहिल मखिजाने 'डेमनस्टीलर' या नावाने २०१६मध्ये 'दिस बर्डन इज माइन' हा सोलो अल्बम काढला. ओझं माझं म्हणतो खरा, पण ड्रम ग्रीसच्या जॉर्ज कोलियासचे! 'सोलो' हा शब्द असा सैलच वापरतात. आता तबकडीही मागे पडली. तरी फोनवरच्या गाण्यांच्या संचाला आणि फोटोंच्या कप्प्यालाही आपण अल्बमच म्हणतो.