वजनकाट्याला न दिसणारं कुपोषण

मागच्या व्याख्यानात आपण कृत्रिम मूत्रपिंडाची गोष्ट ऐकली. १९४३ साली हॉलंडमधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळली. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात टेफ्लॉनची नळी बसवली आणि एकाच रुग्णाचं डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. आज पुढचा प्रश्न घेऊ. रुग्ण जगला, पण त्याच्या अंगावरचं मांस टिकलं का?

हा प्रश्न उशिरा विचारला गेला, त्याला कारण आहे. डायलिसिस येण्याआधी उपचार म्हणजे पथ्यच होतं. १९६०च्या दशकात इटलीत जोर्दानो आणि जोव्हानेत्ती यांनी प्रथिनं अगदी कमी केलेला आहार मांडला. प्रथिनं कमी, म्हणजे युरिया कमी. पण डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. दर खेपेला रक्तातली काही ग्रॅम अमिनो आम्लं यंत्रातून वाहून जातात, म्हणून प्रथिनांची गरज वाढते. आपल्याकडे मात्र ‘डाळ बंद, अंडं बंद’ हा जुना हुकूम घरात तसाच चालू राहतो.

डॉक्टरांचीही फसगत झाली, बरं का. युरिया कमी आला की डायलिसिस चांगलं झालं असं वाटायचं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाची आकडेवारी गॉच आणि सार्जंट यांनी पुन्हा तपासली आणि १९८५ साली दाखवून दिलं की कमी युरियाचे दोन अर्थ होतात : रक्त नीट साफ झालं, किंवा माणूस जेवतच नाही! मग १९९० साली लाउरी आणि ल्यू यांनी बारा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. रक्तातलं अल्ब्युमिन जितकं कमी, तितका मृत्यूचा धोका जास्त, असं दिसलं. अल्ब्युमिन हीच आहाराची मोजपट्टी झाली. पण स्टॉकहोमच्या बर्गस्ट्रॉम, स्टेनव्हिन्केल या मंडळींनी शरीरात धुमसणाऱ्या दाहाकडे बोट दाखवलं. दाहानेही अल्ब्युमिन उतरतं. म्हणजे दोष नेहमी ताटाचाच नसतो.

मग माणसाकडे पाहण्याची जुनी रीत परत आली. टोरांटोच्या डेट्स्की यांनी १९८७ साली ती नीट मांडली : भूक कशी आहे, वजन किती उतरलं, कानशिलं खोल गेलीत का, दंड सुकलेत का? त्याच पायावर २००१ साली कलंतर-झादेह यांनी दहा मुद्द्यांची, तीस गुणांची पट्टी तयार केली. गुण जितके जास्त, तितकी अवस्था वाईट.

आता वजनाकडे येऊ. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, शरीर कशाचं बनलंय ते सांगत नाही. याचा उत्तम दाखला पुण्याचाच. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के!

डायलिसिसच्या रुग्णात याला तिसरी गोष्ट मिळते, ती म्हणजे पाणी. समजा, साठ किलोच्या माणसाचं दोन किलो मांस झडलं आणि दोन किलो पाणी साठलं. काटा साठच दाखवणार. ‘ड्राय वेट’ तेच धरलं, तर ते दोन किलो पाणी अंगात राहतं, रक्तदाब चढतो, रात्री धाप लागते. इथे बायोइम्पिडन्स कामाला येतं. शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा. कमी वारंवारतेचा प्रवाह पेशींच्या बाहेरून जातो, जास्त वारंवारतेचा पेशींच्या आतूनही जातो. त्या फरकावरून जादा पाणी, मांस आणि चरबी यांचा वेगवेगळा अंदाज बांधता येतो.

२००८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या अवस्थेला ‘प्रथिन-ऊर्जा क्षय’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि चार कसोट्या ठरवल्या : रक्ततपासणी, शरीराचं वजन व चरबी, स्नायू आणि आहार. चारपैकी तीन बिघडल्या तर निदान पक्कं. एका आकड्यावर विसंबायचं नाही, हेच साठ वर्षांचं सार.

आपल्याकडे २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, यंत्रं जिल्हा रुग्णालयांत पोचू लागली. प्रत्येक ठिकाणी बायोइम्पिडन्स नसेल. पण टेप असते, आणि रुग्ण चार तास समोरच असतो. त्या वेळात दंडाचा घेर मोजणं आणि ‘काल काय जेवलात?’ एवढं विचारणं कुठेही जमण्यासारखं आहे.