अ‍ॅनफिल्डचा कॉप

लिव्हरपूल शहरातील अ‍ॅनफिल्ड मैदानावर एका गोलमागे प्रेक्षकांची मोठी चढती गॅलरी आहे. तिला ‘कॉप’ म्हणतात, आणि हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीवरून आले आहे. नाताळमधील स्पायन कॉप या टेकडीवर जानेवारी 1900 मध्ये ब्रिटिश फौज आणि बोअर यांची लढाई झाली. ब्रिटिश शिपाई रात्रीच्या अंधारात, धुक्यातून माथ्यावर चढले. जमीन खडकाळ होती, त्यामुळे खंदक उथळच राहिले. 24 तारखेच्या सकाळी धुके विरले, तेव्हा आजूबाजूच्या उंचवट्यांवरून बोअरांच्या तोफा आणि बंदुका थेट आपल्यावर रोखलेल्या आहेत हे त्यांना दिसले. दिवसभर मारा चालला. सुमारे अडीचशे ब्रिटिश सैनिक मारले गेले आणि त्यांत लँकेशायरच्या पलटणींची माणसे फार होती. जखमींना स्ट्रेचरवरून मैलोन्‌मैल वाहून नेणाऱ्यांमध्ये नाताळमधील हिंदी रहिवाशांचे शुश्रूषा पथकही होते. सुमारे 1100 जणांच्या त्या पथकाच्या उभारणीत पुढाकार होता तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांचा.

लिव्हरपूल तेव्हा लँकेशायरमध्ये मोडत असे. टेकडीवर पडलेल्यांपैकी अनेकांची घरे याच परिसरात होती.

अ‍ॅनफिल्डवर आधी एव्हर्टन क्लब खेळत असे. 1892 मध्ये भाड्यावरून जागेचे मालक जॉन होल्डिंग यांच्याशी बिनसल्यावर एव्हर्टनने स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला बिऱ्हाड हलवले. रिकाम्या मैदानासाठी होल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. या क्लबने 1906 मध्ये दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि त्याच वर्षी गोलमागे भराव घालून उभ्याने सामना पाहण्यासाठी उंच पायऱ्या बांधल्या. त्यांना स्पायन कॉप म्हणावे, ही सूचना स्थानिक वृत्तपत्राचे क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांची. लंडनजवळच्या प्लमस्टेडला आर्सेनलच्या मैदानावर हे नाव त्याआधीच वापरले गेले होते. पुढे शेफील्ड, लेस्टर, बर्मिंगहॅम अशा अनेक ठिकाणी ‘कॉप’ झाले, पण लिव्हरपूलमध्ये ते जितके खोल रुजले तितके दुसरीकडे क्वचितच. इथे नाव उच्चारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या ओळखीतले कोणी ना कोणी त्या टेकडीवर गेलेले होते. करमणुकीच्या जागेला मृतांचे नाव देण्यात शहराला काही विसंगत वाटले नाही.

1928 मध्ये कॉप वाढवून त्यावर छप्पर घातले गेले. आता तिथे 28 हजारांच्या आसपास माणसे उभी राहू शकत. छपरामुळे आवाज बाहेर न जाता मैदानावर घुमू लागला. बसायला जागा नव्हती, नंबर नव्हते. पायऱ्यांवर ठिकठिकाणी लोखंडी आडवे कठडे होते, आणि कुठे उभे राहायचे हे जुन्या माणसांकडून शिकावे लागे. कठडा पाठीशी ठेवून उभे राहिले की मागून येणारा लोंढा त्या कठड्यावर अडतो. कठडा छातीसमोर आला तर मागचा सगळा भार अंगावर येतो. गोल झाला की शेकडो माणसे एकदम चारपाच पायऱ्या खाली ढकलली जात आणि पुन्हा वर सरकत. एखाद्याला घेरी आली की त्याला डोक्यांवरून हातोहात पुढे पोचवत. या गर्दीत धोका होता हे कोणालाच नवे नव्हते. तरी गोदीत राबणारा माणूस शनिवारी दुपारी तिथे येई, कारण गर्दीचा भाग होणे हेच त्याला हवे असे.

कॉपला गाण्याची सवय लागली ती 1960 च्या दशकात. सामन्याआधी ध्वनिक्षेपकावर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी वाजत, आणि त्या काळात त्यांतली बरीच लिव्हरपूलच्याच पोरांची असत. 1945 च्या ‘करूसेल’ या संगीत नाटकातले ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणे 1963 मध्ये स्थानिक बँड गेरी अँड द पेसमेकर्सने नव्याने गायले आणि ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. काही आठवड्यांनी यादीतून ते उतरले, पण कॉपने सोडले नाही. 1964 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमाने कॉपच्या गाण्याचे चित्रण केले. खेळाडूंकडे पाठ करून एका बातमीदाराने प्रेक्षकांवरच बोलावे, हे तोवर फारसे घडले नव्हते. नाटकात हे गाणे पती गमावलेल्या स्त्रीला धीर देण्यासाठी येते. पुढे त्याच्यावर जी जबाबदारी पडली, तिला ते जणू आधीपासूनच तयार होते.

कॉपच्या रीतींमध्ये प्रतिस्पर्ध्याला मान देण्याची रीत सर्वांत लोभस म्हणावी लागेल. पाहुण्या संघाचा गोलरक्षक कॉपच्या बाजूला आला की त्याला टाळ्या मिळत, आणि तो हात उंचावून त्या स्वीकारी. 28 एप्रिल 1969 रोजी लीड्सने अ‍ॅनफिल्डवर गोलशून्य बरोबरी साधली आणि लीगचे विजेतेपद लिव्हरपूलच्या डोळ्यांदेखत नेले. लीड्सचे व्यवस्थापक डॉन रेव्ही यांनी आपल्या खेळाडूंना कॉपसमोर जायला सांगितले. तिथे शिव्या मिळतील अशी भीती असताना हजारो लिव्हरपूलकरांनी त्यांना विजेते म्हणून पुकारले. हरल्याचे दुःख खरे होते, तसे हे पुकारणेही खरे होते.

व्यवस्थापक बिल शँक्ली (1959 ते 1974) आणि कॉप यांचे नाते असेच उघड जिव्हाळ्याचे. 1981 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या अस्थी कॉपच्या बाजूच्या गोलजवळ विखुरल्या गेल्या.

या इतिहासात एक पान असे आहे की ते झाकून कॉपविषयी लिहिणे अप्रामाणिक ठरेल. 29 मे 1985 रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांचा युरोपियन कपचा अंतिम सामना होता. सामन्याआधी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचा एक घोळका तकलादू कुंपण ओलांडून शेजारच्या भागात घुसला. तिथले लोक मागे हटत भिंतीपाशी कोंडले गेले, भिंत कोसळली आणि 39 जण मेले. त्यांतले बहुतेक इटालियन होते. मैदान जीर्ण होते, बंदोबस्त ढिसाळ होता, हे सगळे खरे, पण चाल करून गेलेल्यांचा दोष त्याने कमी होत नाही. बेल्जियममध्ये लिव्हरपूलच्या 14 चाहत्यांना सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. एप्रिल 2005 मध्ये युव्हेंटसचा संघ अ‍ॅनफिल्डवर आला, तेव्हा कॉपने हजारो रंगीत कार्डे उंचावून इटालियन भाषेत मैत्रीचा संदेश उमटवला. पाहुण्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, अनेकांनी पाठ फिरवली. पाठ फिरवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

हायझेलनंतर चार वर्षांनी, 15 एप्रिल 1989 रोजी, एफए कपच्या उपांत्य फेरीसाठी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर आले. त्या मैदानालाही स्वतःचा कॉप आहे. ती प्रशस्त बाजू फॉरेस्टच्या लोकांना मिळाली. लिव्हरपूलच्या वाट्याला समोरची लेपिंग्ज लेनची बाजू आली. तिथे उभ्याच्या 10,100 तिकिटांसाठी आत जायला फक्त सात फिरती दारे होती. याच बाजूला 1981 च्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी होऊन 38 जण जखमी झाले होते. त्यानंतर पायऱ्या जाळ्यांनी कप्प्यांत विभागल्या गेल्या आणि मैदानाच्या बाजूला उंच पोलादी कुंपण तसेच राहिले. हुल्लडबाजांना रोखणे हीच तेव्हा सुरक्षिततेची कल्पना होती.

दुपारी अडीचनंतर बाहेरची गर्दी जीवघेणी झाली. 2 वाजून 52 मिनिटांनी पोलिसांच्या हुकमावरून बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडले गेले आणि दोन हजारांवर माणसे आत आली. समोरच बोगदा होता आणि तो गोलमागच्या मधल्या दोन कप्प्यांत उघडत होता. ते दोन्ही आधीच खच्चून भरलेले होते. कडेच्या कप्प्यांत मोकळी जागा होती, पण बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना तिकडे वळवायला कोणी उभे नव्हते. कठडा मोडला, माणसे एकमेकांखाली गेली, पुढची कुंपणाला चिकटली. 3 वाजून 6 मिनिटांनी खेळ थांबवला गेला. चाहत्यांनी जाहिरातींचे फलक उखडून त्यांच्यावर जखमींना निजवले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धावत नेले. अनेक रुग्णवाहिका आल्या, पण बहुतेक बाहेरच थांबून राहिल्या. मृतांची संख्या पुढे 96 झाली. त्यांतला सर्वांत लहान मुलगा 10 वर्षांचा होता आणि सर्वांत वृद्ध गृहस्थ 67 वर्षांचे.

दुसऱ्या दिवशी रविवारी अ‍ॅनफिल्डची दारे उघडली गेली. लोक फुले घेऊन आले आणि कॉपकडे गेले. दु:ख वाहायला त्यांना देवळापेक्षा ही जागा जवळची होती, यात नवल नाही. ज्यांना गमावले ते इथेच तर उभे राहत. पायऱ्यांवरच्या प्रत्येक कठड्याला मफलर बांधले गेले आणि ठरलेल्या जागी उभ्या राहणाऱ्याचा मफलर त्याच कठड्यावर आला. फुले गोलपासून पसरत मैदानाच्या मध्यापर्यंत पोचली. 22 एप्रिलला गुडिसनपासून स्टॅनली पार्क ओलांडून अ‍ॅनफिल्डपर्यंत एकमेकांना गाठी मारलेल्या मफलरांची माळ लावण्यात आली. त्यात लाल मफलर होते, तसे एव्हर्टनचे निळेही होते. त्याआधी बुधवारी मिलानमध्ये एसी मिलान आणि रियल माद्रिद यांचा सामना सुरुवातीलाच थांबवून मौन पाळले गेले, तेव्हा मिलानच्या प्रेक्षकांनी कॉपचे गाणे म्हटले. खेळाडू आणि व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश अंत्यसंस्कारांना जात राहिले. पुन्हा खेळावे की नाही हा प्रश्न खरोखरच होता. खेळले गेले, आणि 20 मे रोजी लिव्हरपूलने कप जिंकला तो एव्हर्टनविरुद्धच. सहा दिवसांनी अ‍ॅनफिल्डवर अखेरच्या क्षणी आर्सेनलच्या मायकेल थॉमसने गोल करून लीगचे विजेतेपद हिरावले. कॉपमधले बरेच जण थांबले आणि त्यांनी आर्सेनलला टाळ्या दिल्या. इतक्या जखमी अवस्थेतही 1969 ची रीत मोडली नाही.

दरम्यान दुसरी लढाई सुरू झाली होती. बंदोबस्ताच्या प्रमुखाने त्याच दुपारी दार चाहत्यांनी फोडल्याचे खोटे सांगितले होते. ‘द सन’ या दैनिकाने 19 एप्रिलच्या पहिल्या पानावर चाहत्यांनी मृतांची पाकिटे मारली आणि पोलिसांना त्रास दिला असे आरोप छापले. ते निराधार होते. लिव्हरपूलमध्ये त्या वृत्तपत्रावरचा बहिष्कार आजही सुटलेला नाही. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने ऑगस्ट 1989 मध्येच पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण ठरवले, तरी 1991 च्या पहिल्या मृत्युचौकशीत निकाल लागला अपघाती मृत्यूचा. कुटुंबे थांबली नाहीत. दर 15 एप्रिलला कॉपवर प्रार्थनासभा होत असे. 2009 च्या विसाव्या स्मृतिदिनी मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उठले आणि कॉपमधून 96 जणांसाठी न्यायाची मागणी गर्जून उठली. भाषण थांबले. त्यानंतर स्वतंत्र समिती नेमली गेली. सप्टेंबर 2012 मध्ये तिने उघड केले की पोलिसांच्या 164 जबान्या बदलल्या गेल्या होत्या. नव्या चौकशीत 26 एप्रिल 2016 रोजी ज्यूरीने 96 जणांचा बेकायदा वध झाला असे ठरवले आणि चाहत्यांचा काहीही दोष नव्हता हे स्पष्ट केले. बंदोबस्ताच्या प्रमुखाला मात्र 2019 मध्ये फौजदारी खटल्यात निर्दोष सोडण्यात आले. कॉपवरची शेवटची सामुदायिक प्रार्थनासभाही 2016 मध्येच झाली. हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीत मेंदूला इजा झालेला एक चाहता जुलै 2021 मध्ये वारला. मृतांची संख्या तेव्हा 97 धरली गेली.

टेलर यांच्या अंतिम अहवालानुसार वरच्या श्रेणींतील मैदानांतून उभ्याच्या पायऱ्या गेल्या. कॉपवर लोक उभे राहिलेला शेवटचा सामना 30 एप्रिल 1994 रोजी नॉर्विचविरुद्ध झाला आणि लिव्हरपूल 1–0 ने हरले. नव्या कॉपमध्ये सुमारे 12 हजार खुर्च्या बसल्या. कुंपणे गेली, चेंगराचेंगरीची भीती गेली. तिकिटे महागली, त्यामुळे जुन्या कॉपवर उभे राहणाऱ्यांपैकी अनेकांना सामना परवडेनासा झाला. ही किंमत अटळ होती असे मानायला आधार नाही, कारण टेलर यांनीच दर वाजवी ठेवण्याची अपेक्षा व्यक्त केली होती. 2021 मध्ये कॉपच्या एका भागात खुर्च्यांपुढे पक्के कठडे बसवले गेले. आता तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि कठडा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे कोणी लोंढ्याबरोबर पुढे ढकलले जाऊ शकत नाही.