बाग कोणाची, शेत कोणाचं?

मंडळी, मागच्या वेळी जमीनधारणेपाशी थांबलो होतो. आज जरा सहलीला जाऊ.

अंबरनाथहून कर्जत लोकल पकडली की बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथल्या सगुणा बागेत, म्हणजे चंद्रशेखर भडसावळे यांच्या शेतावर, आम्ही काही ज्येष्ठ मंडळी दिवसभरासाठी गेलो होतो. माहिती देणारा मुलगा तळी, झाडं, म्हशी दाखवत आम्हांला भाताच्या वाफ्यांपाशी घेऊन आला. ‘सगुणा भात तंत्र’ इथलंच. गादीवाफे एकदा करायचे. मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. आमच्यातल्या एक बाई लहानपणी लावणीला जायच्या. म्हणाल्या, “पाठ वाचली हो बायकांची!”

पाहुण्यांनी बाग-शेत बघायला जाणं जुनंच आहे. इंग्लंडात स्टो इथल्या लॉर्ड कोबहॅमच्या बागेची माहितीपुस्तिका बेंटन सीली यांनी १७४४ मध्येच छापली. अशा बागांत बाग आणि कुरण यांच्यामध्ये एक खोल चर असे, नाव ‘हा-हा’. वाड्यातून तो दिसतच नाही. गुरं जणू बागेतच चरतायत असं वाटतं, पण आत येऊ शकत नाहीत. शेत चित्रासारखं दिसावं, अंगाला लागू नये.

आपल्याकडेही चर होता, फक्त कागदावर. एका बाजूला खोत, दुसऱ्या बाजूला कुळं. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप केला. सुमारे सहा वर्षं! शेतं ओसाड पडली, पण माणसं हटली नाहीत. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा.

आमच्या घरी त्या तारखेला सुतक असायचं. ‘आपली जमीन गेली’ हे आजोबांच्या तोंडी कायम. पुढे मी तत्त्वज्ञान शिकवलं. श्रमातून मालकी येते, हा जॉन लॉकचा विचार वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला आणि घरचा सातबारा कधी त्याच्या शेजारी ठेवला नाही.

वाफ्यावर त्याच बाईंनी विचारलं, “सर, तुमची जमीन कसत कोण होतं?” नाव आठवेना. आठवणार कुठून, आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. घरी येऊन जुन्या फेरफाराची नक्कल शोधून काढली. नाव तिथे आहे. बापाच्या नावासकट.