मापनयंत्राला संगणकावरून आज्ञा : ‘स्किपी’ भाषेचे नियम काय?

डिजिटल मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय यांसारखी यंत्रे संगणकावरूनही चालवता येतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांसाठी ठरलेल्या सामाईक आज्ञाभाषेला ‘स्किपी’ (एससीपीआय) म्हणतात. यंत्र आपल्या मनातलं ओळखत नाही. लिहिलं तेच करतं. आकडा चुकला तर तपासणीला लावलेला सर्किट बोर्डही जळू शकतो.

भाषा कशी आली?

ह्यूलेट-पॅकार्डच्या जोडणीपद्धतीवरून १९७५ मध्ये आयईईई ४८८ हे मानक तयार झाले. त्यात तारा आणि वीजसंकेत ठरले. संदेशाची मांडणी १९८७ च्या ४८८.२ मध्ये ठरली आणि १९९० मध्ये त्यावर स्किपी उभी राहिली. आज यूएसबी आणि लॅनवरही तीच चालते.

आज्ञा कशी लिहावी?

(आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायच्या असतात, येथे फक्त उच्चार दिले आहेत.)

• शब्द : पूर्ण लिहावा किंवा ठरलेला संक्षेप; अधलंमधलं चालत नाही. संक्षेप सहसा पहिल्या चार अक्षरांचा असतो. चौथे अक्षर स्वर असेल तर तीनच, म्हणून ‘पॉवर’ची तीन अक्षरे. लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही.

• चिन्हे : अपूर्णविरामाने पायऱ्या जोडतात, उदा. ‘मेझर:व्होल्टेज:डीसी?’. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर यंत्र उत्तर देते. आज्ञा आणि आकडा यांत मोकळी जागा हवीच.

• एका ओळीत अनेक आज्ञा : मध्ये अर्धविराम द्यावा. ‘सोर्स:व्होल्टेज ५;करंट ०.५’ येथे ‘करंट’ सोर्सच्याच शाखेत धरला जातो. दुसऱ्या शाखेत जायचे तर पुढच्या आज्ञेआधी अपूर्णविराम द्यावा : ‘;:आउटपुट ऑन’.

• एककाचा सापळा : व्होल्टआधीचा ‘एम’ म्हणजे मिली, पण हर्ट्झ आणि ओहमआधी तोच ‘एम’ मेगा होतो. एकक न लिहिता मूळ एककातला आकडा देणे सुरक्षित. पाच मिलिव्होल्टसाठी ०.००५ लिहावे.

• आकडे : देवनागरी अंक चालत नाहीत. दशांशाला टिंबच हवे, स्वल्पविराम नको. त्याने दोन वेगळी मूल्ये होतात.

चूक कशी सापडते?

सुरुवातीला ‘*आयडीएन?’ विचारावे. उत्तरात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर कळते. आज्ञा दिल्यावर ‘सिस्टिम:एरर?’ विचारावे आणि शून्य येईपर्यंत विचारत राहावे, कारण चुका रांगेत साठतात. −११३ म्हणजे आज्ञाच अनोळखी, −२२२ म्हणजे आकडा मर्यादेबाहेर. पहिलं उत्तर न वाचता पुढची आज्ञा दिली तर −४१० येते.

मात्र ५ ऐवजी ५० लिहिलं आणि ते यंत्राच्या मर्यादेत बसलं, तर कोणतीच चूक दिसत नाही. म्हणून आधी व्होल्टेज व करंटची मर्यादा द्यावी, मग दोन्ही मूल्ये परत विचारून ताडून पाहावीत. आउटपुट चालू करण्याची आज्ञा सगळ्यात शेवटी.