पहिली पारध

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. बखरकारांनी त्यांचीच नोंद ठेवली, म्हणून ते साहजिकही आहे. पण ज्यांची नोंद पोलिसांच्या वहीखेरीज दुसऱ्या कोणी ठेवली नाही, अशांनाही इतिहास असतो. आज आम्ही बापाच्या मागोमाग पहिल्यांदा पारधीला निघालेल्या मुलाचा इतिहास सांगणार आहोत. मुलूख बीड जिल्ह्याचा आहे, आणि मूल फासेपारध्याचे आहे.

प्रथम मुलूख पाहू. बालाघाटची रांग बीड जिल्ह्यातून आडवी जाते. तिच्या अंगाखांद्यावर पाटोदा, आष्टी, शिरूर कासार हे तालुके वसले आहेत. पाऊस बेताचा, माती जागोजागी हलकी. बाभळी, बोरी, तरवड यांची खुरटी झुडपे, मध्ये गवताचे माळ आणि सखल भागात रब्बीची ज्वारी. माणसाला हा मुलूख रुक्ष वाटतो. जमिनीवर चरणाऱ्या पाखरांना तो मानवतो. तित्तर इथले, लावा इथला, मोरही इथला. हिवाळ्यात पिकांतून बटेर उतरतात. ही सारी पाखरे एका मोठ्या कुळातली आहेत. उडण्यापेक्षा पळण्यावर त्यांचा भरवसा अधिक.

याच कुळातला एक भाऊबंद अमेरिकेत राहतो, तो म्हणजे टर्की. त्याची कथा आमच्या विषयाला उपयोगी पडेल. गोऱ्या वसाहतवाल्यांनी रानटर्कीची इतकी शिकार केली आणि तिची राने इतकी तोडली, की विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी तिथल्या कित्येक संस्थानांतून नाहीसा झाला होता. पुढे १९३७ साली कायदा होऊन बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या जोपासनेकडे वळवण्यात आला. उरलेली पाखरे जाळ्यांत धरून रिकाम्या रानांत नेऊन सोडण्यात आली. आज रानटर्की तिथे पुन्हा लाखांनी आहे. अनेक संस्थानांत वसंत ऋतूत काही दिवस केवळ मुलांच्या पहिल्या शिकारीसाठी राखलेले असतात. मूल वडीलधाऱ्यांबरोबर जाते, मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला बोलावते, आणि हे सारे सरकारच्या संमतीने होते. ती पद्धत चांगली की वाईट, हा आजचा प्रश्न नव्हे. मुलाची पहिली शिकार हा तिथे नागरिकत्वाचा एक धडा मानला गेला, एवढे ध्यानात ठेवावे. बीडच्या माळावर काय घडले, ते आता पाहू.

पारध म्हणजे शिकार, आणि पारध करतो तो पारधी. संस्कृतातल्या ‘पापर्द्धि’ या शब्दाशी व्युत्पत्तिकार त्याचे नाते जोडतात. म्हणजे या धंद्याच्या नावातच कोणीतरी आधीपासून ‘पाप’ घालून ठेवले आहे! या जमातीच्या अनेक शाखा. राजेरजवाड्यांसाठी चित्ते शिकवणारे ते चित्तेवाले पारधी. फास लावून पाखरे व हरणे धरणारे ते फासेपारधी. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची, पण पिढ्यान्‌पिढ्यांची भटकंती मराठी मुलखातली.

फासेपारध्याजवळ बंदूक नव्हती. त्याचे हत्यार म्हणजे फास. केसांचा किंवा तातीचा सरकता फास खुंटीला बांधायचा आणि पाखराच्या वाटेवर अशा खुंट्यांची ओळ लावायची. शिकवलेल्या गाईबैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकायचे. तित्तर धरायचा तर पाळलेला नर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा. तो बोलू लागला की त्या जागेचा धनी असलेला रानातला नर ‘माझ्या हद्दीत हा कोण आला’ म्हणून चवताळून येतो आणि फासात पाय देतो. अमेरिकेतला नर मादीच्या ओढीने फसतो, आमचा शेजाऱ्याच्या द्वेषाने फसतो. स्वभावाचे वर्म जाणल्याखेरीज दोन्हीकडे काही हाती लागत नाही.

म्हणून पारध्याच्या मुलाची पहिली पारध हे एक शिक्षण होते, असे आम्ही म्हणतो. ही अतिशयोक्ती नव्हे. त्या मुलाला काय काय यावे लागे? तित्तर पहाटे आणि सांजेला कुठून बोलतो, हे कानाने ठरवता आले पाहिजे. भ्याला तरी तो एकदम उडत नाही, झुडपाच्या फटीतून धावतो; तेव्हा नेमकी कोणती फट, हे धुळीतल्या पावलांवरून ओळखता आले पाहिजे. रात्री तो काटेरी झाडावर बसतो, हे ठाऊक हवे. लाव्यांचा थवा तोंडे बाहेर करून वर्तुळात बसतो आणि पाऊल अगदी जवळ पडल्यावर एकाच क्षणी चहूकडे फुटतो. त्या क्षणी दचकून चालत नाही. वारा, ऊन, ऋतू, मादीचा विणीचा काळ, सारे हिशेबात धरावे लागते. या विद्येला पाटी नव्हती, पुस्तक नव्हते आणि परीक्षाही नव्हती. चुकले की चूल पेटत नसे, हीच परीक्षा.

या विद्येला नीतीही होती. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींची पाहणी केली. त्यांना असे आढळले की नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने साळिंदर, घोरपड, रानडुक्कर मारीत. वैदू सापळ्यांत मुंगूस, उदमांजर अशी लहान जनावरे धरीत. आणि फासेपारधी फासाने हरणे व पाखरे धरीत. एकाच रानात वावरणाऱ्या जमातींनी सावजे जणू वाटून घेतली होती. फासात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याचा फासेपारध्यांचा रिवाजही त्यांनी नोंदला आहे. उद्याच्या पोटाची काळजी आणि जीवाची कणव यांचा त्यात किती किती वाटा होता, हे आज वेगळे करता येणार नाही. पण मुलाच्या हाती फास देताना तो केव्हा सोडावा हेही शिकवले जात होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आता कायद्याकडे वळू. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणाच्या पोटी जन्मला, यावर गुन्हा ठरू लागला. १८९७ च्या दुरुस्तीने अशा जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९११ च्या नव्या कायद्याने सबंध ब्रिटिश हिंदुस्थान त्याच्या कक्षेत आला. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. आजही लोक तिला सेटलमेंट म्हणून ओळखतात. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते हे खरे. पण माळ दोन राज्यांत वाटला गेला, तरी पारध्याची वाट वाटली गेली नव्हती. आष्टीपलीकडे तेव्हाचा अहमदनगर जिल्हा लागे. तो इंग्रजी मुलूख, आणि तित्तराच्या मागे जाणाऱ्याला हद्दीचे दगड दिसत नाहीत.

याच सुमारास मुंबईत आणखी एका मुलाची पहिली शिकार झाली. तिची हकीकत साऱ्या जगाला ठाऊक आहे. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा. आईबाप लहानपणीच वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला आणि छऱ्यांची बंदूकही हाती दिली. दहाएक वर्षांच्या या मुलाने एक चिमणी मारली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही खाण्यास योग्य की अयोग्य, या शंकेने तो मामांकडे गेला. मामांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली. मिलार्डसाहेबांनी मुलाला रागे भरले नाही; पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. त्या खणांतून भारताचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ बाहेर आला. पुढे १९३१-३२ साली त्यांनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि १९८५ साली आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याला नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच दिले.

श्रोतेहो, या दोन मुलांना शेजारी शेजारी उभे करून पाहा. दोघांचे वय एक, दोघांची करणी एक. एकाच्या हातातल्या मेलेल्या पाखराने संग्रहालयाचे दार उघडले. दुसऱ्याच्या हातातल्या पाखराने पोलिसांची वही उघडली. सालिम अलींना मिळाले ते उचितच होते. त्यांचे ऋण आपण सारे मानतो. आमचा प्रश्न एवढाच, की पारध्याच्या मुलाला भेटायला मिलार्ड का आला नाही? शिकार तीच, पण संस्थानिकाच्या पोराने केली तर तो पराक्रम, साहेबाच्या पोराने केली तर छंद, आणि पारध्याच्या पोराने केली तर गुन्हा. नावे बदलली ती करणाऱ्याच्या जन्मावरून.

१९४८ साली निजामाचे राज्य गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. १९५६ साली बीड मुंबई राज्यात आले. परंतु १९५९ साली त्याच राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला, आणि जुना संशय नव्या वहीत उतरला. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. त्यात आरंभी काही पशुपक्ष्यांच्या शिकारीस परवान्याची सोय होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. पण परवान्याला कचेरी लागते, अर्ज लागतो, पत्ता लागतो. ज्याला गावाच्या शिवेत तीन दिवस राहू देत नाहीत, त्याने पत्ता कोणता लिहावा?

इथे आमचे म्हणणे कोणी उलटे समजू नये. १९७२ चा कायदा आवश्यक होता. माळ नांगराखाली गेले, बंदुका वाढल्या, बाजार वाढला. पाखरांना दुसरा आसरा उरला नव्हता. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला. पाटोदा तालुक्यातल्या नायगावला १९९४ साली मयूर अभयारण्य झाले, आणि बालाघाटच्या त्या डोंगरांत मोरांचा आवाज टिकला याचा आम्हांस आनंदच आहे. फास पुन्हा लावावेत असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते असे, की त्या दिवशी सरकारने केवळ एक धंदा बंद केला नाही, एक शाळाही बंद केली. तिच्याऐवजी दुसरी उघडण्याचे काम मात्र कोणाच्या यादीत नव्हते. आज बीडमधून दर हिवाळ्यात ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात आणि त्यांत शाळा अर्धवट टाकलेली मुले असतात. ज्या पारधी कुटुंबांची पाले मोडली, त्यांच्या मुलांपुढे कोयता, भीक किंवा जुनाच संशय, याहून फार वाटा राहिल्या नाहीत.

तथापि काही वाटा निघाल्या आहेत, आणि त्या पारध्यांनीच काढल्या आहेत. अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने भीक मागणारी मुले गोळा करून ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा उभी केली. नावच मोठे बोलके आहे. अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांच्या वस्त्यांनी तणमोर आणि त्याची गवताळ कुरणे राखण्याच्या कामात हात घातला आहे. तणमोराचे ठिकाण हुडकायला दुर्बिणीपेक्षा पारध्याचा कान तीक्ष्ण, हे तिथे अनुभवास आले. आणि मराठीपुरते बोलायचे तर मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात राहून जन्मभर काय केले? रानात राहणाऱ्यांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावे वेचली आणि ती कोशात आणून ठेवली. त्या नावांचे मूळ धनी ती नावे पहिल्या पारधीच्या दिवशी शिकले होते.

म्हणून आमची विनंती अशी. बीडच्या माळावर अजून काही वृद्ध फासेपारधी आहेत, ज्यांना पहाटेच्या एका हाकेवरून तित्तराचे ठिकाण सांगता येते. त्यांच्या नातवंडांना ती विद्या मिळाली नाही, आणि आपल्या शाळेतली विद्याही पुरती पोचली नाही. दोन्ही काठांच्या मधोमध ती उभी आहेत. नायगावच्या अभयारण्यात मोर मोजायचे असतील, माळावरच्या पाखरांची पाहणी करायची असेल, तर त्या आजोबांना मानाने बोलवावे, मेहनताना द्यावा, आणि नातवाला त्यांच्याबरोबर पाठवावे. हाती फासाऐवजी वही असावी. मुलाने आजोबांना विचारावे, आजोबांनी बोट दाखवावे, आणि मुलाने लिहावे. पोलिसांनी या जमातीविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. आता तिच्या मुलांनी तिच्या माळाविषयी लिहिण्याची वेळ आली आहे, आणि ते वाचण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.